सावरीला लागलेली सात पानं

एकदा काय झालं, माघाचा महिना होता आणि धुकं पडलं होतं. असंतसं धुकं नव्हे. खाडीवरून उठलेलं, दाट, दह्याच्या कवडीसारखं. माडाचं खोड दिसे, शेंडा दिसेना. कोंबडा आरवला तर कुणाच्या अंगणातला, तेही कळेना. वारा अगदी पडलेला. झावळीच्या टोकावरून दव ठिबकायचं, टप्. मग पुष्कळ वेळ काही नाही. आणि मग पुन्हा, टप्.

तर त्या धुक्यात एक माणूस माडावर चढत होता. त्याचं नाव गुणू.

हा गुणू माडी काढायचा. माडी म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर मधेच विचाराल. माडाला नारळ धरायच्या आधी एक लांब कोंब येतो. त्याला म्हणतात पोय. ती पोय फुलू द्यायची नाही. दोरीनं आवळून बांधायची आणि तिच्या टोकाला कोयतीनं पातळ काप द्यायचा. मग तिथून थेंब थेंब रस गळतो, तो खाली टांगलेल्या मडक्यात जमतो. सकाळी गोड असतो, तुम्हीसुद्धा प्याल. दुपारी आंबतो. संध्याकाळी प्यायला, तर माणसाला आपलंच घर सापडत नाही.

पण त्या पोयीला दिवसातून तीनदा काप द्यावा लागतो, बरं का. सकाळी एक, दुपारी एक, दिवस मावळताना एक. नाही दिला तर तिचं तोंड सुकतं आणि रस बंद.

गुणूचे माड तीन. थोरला, मधला आणि धाकटा. बापानं लावलेले. तीन माड, एक खोपटं आणि एक बायको, भामी तिचं नाव. एवढाच त्याचा संसार.

आता त्या गावाची रीत ऐका. माड ज्यानं लावला त्याचा नाही, माड जो चढतो त्याचा. कुणी तीन दिवस आपल्या माडांना काप दिला नाही, तर चौथ्या दिवशी उजाडताना दुसऱ्यानं वर चढून बघावं. सगळ्या पोया सुकलेल्या निघाल्या, तर माड सोडले असं समजायचं आणि त्या दुसऱ्यानं आपली दोरी बांधायची. एक जरी पोय ओली असली, तर गुपचूप खाली उतरायचं. रीत कडकच होती. पण झाडाला ताटकळत ठेवू नये म्हणून कुणीतरी जुन्या माणसानं घातलेली होती, आणि ती सगळे पाळायचे.

पलीकडच्या माडावर असायचा म्हाळू. तो गुणूचा शेजारी. त्याचे माड म्हातारे झालेले, उंचच उंच, आणि रस म्हणाल तर चार थेंब. घरात तीन पोरं. पण तोंड असं की बोलल्याशिवाय राहवायचं नाही. गुणू हळू चढायचा, त्यामुळे म्हाळूला रोजचा विषय मिळायचा.

"काय रे गुण्या, चढतोयस की माडाची पाठ खाजवतोयस?"

"चढतोय रे बाबा."

"सावकाश हां. घाई केलीस तर आजच पोचशील."

गुणू हसायचा आणि चढायचा. रोजचंच होतं ते.

तर त्या धुक्याच्या दिवशी गुणू थोरल्या माडावर गेला, काप दिला, उतरला. मधल्यावर गेला, काप दिला, उतरला. मग धाकट्यावर गेला. बघतो तर मडक्यातल्या रसावर एक पीस तरंगतंय. हिरवंगार, नखाएवढं.

गुणूला आठवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी या मडक्यावर लहान लहान पोपट आले होते. पिचू म्हणतात त्यांना. चिमणीपेक्षा जरासेच मोठे. मुठीत धरले तर मूठ मिटेल. अंग पानासारखं हिरवं, चोच लाल, शेपूट इतकी आखूड की कुणी कातरली की काय असं वाटावं, आणि शेपटीच्या वर पाठीवर लाल ठिगळ. ते मडक्यात वाकून वाकून प्यायले. मग झिंगले. एक दुसऱ्यावर पडला, दुसरा झावळीवरून घसरला, तिसरा उगाचच चीचीची करत गोल फिरला. गुणूला हसू आवरलं नव्हतं.

आता धाकट्या माडाच्या अगदी शेजारी एक काटेसावर होती. माघात सावरीची पानं सगळी गळतात, नुसती लाल फुलं उरतात. गुणूनं सहज तिकडे बघितलं आणि त्याचा हात कोयतीवरच थांबला.

सावरीच्या फांदीला सात पिचू लोंबत होते. पाय वर, डोकं खाली. पंख मिटलेले. हलत नव्हते, बोलत नव्हते. त्यांच्या चोचीवरून दव ठिबकत होतं.

तुम्ही शेतात मेलेला कावळा टांगलेला बघितलाय ना, बाकीच्या कावळ्यांना धाक बसावा म्हणून? तो कसा टांगतात? उलटा. गुणूनं जन्मात जेवढी पाखरं उलटी टांगलेली बघितली, तेवढी मेलेलीच बघितली. त्याच्या बापानं तीच बघितली, आज्यानंही तीच बघितली. जिवंत पाखरू बसतं, मेलेलं लोंबतं. यात विचारायचं काय?

"माझ्या माडीनं मेली," गुणू म्हणाला. "सात जीव. आणि मी हसत होतो."

त्यानं काप दिला नाही. मडकं तिथंच राहू दिलं. खाली उतरला, सरळ गावाच्या वेशीवर गेला. तिथं राखणदाराचा दगड होता. हंगामाची पहिली करवंटीभर माडी त्यालाच द्यायची असते. गुणूनं आपली कोयती त्या दगडापुढे ठेवली.

"देवा राखणदारा," तो म्हणाला, "हे पाप फिटेपर्यंत मी कापाला हात लावणार नाही."

आणि घरी आला.

भामी चूल फुंकत होती. तिनं वर बघितलं. "आज रिकामेच आलात? मडकी कुठायत?"

"वरच आहेत."

"आणि कोयती?"

"राखणदाराकडे."

भामीनं फुंकणी खाली ठेवली. गुणूनं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अहो, हात लावून बघितलंत?"

"मेलेल्याला हात कशाला लावायचा?"

"मेलंय का ते बघायला."

"उलटी लोंबतायत गो ती!"

"बरं," भामी म्हणाली. "आणि चौथ्या दिवशी आपण कुठं लोंबायचं?"

 गुणूला काय रीत ठाऊक नव्हती? पण सात जिवांवर पाय देऊन माडावर चढायचं कसं, हे त्याला सुधरेना.

हूं म्हणा रे. नाहीतर मला वाटेल झोपलात, आणि मी एकटाच बोलत बसेन.

हां. मग पाप फिटतं कसं? तर जे माणूस आपल्या हातून गेलं, त्याच्या नातलगांच्या दारात जायचं. कबूल करायचं. ते सांगतील तो दंड भरायचा. म्हणून गुणू निघाला पिचूंचे नातलग शोधायला. तेव्हा पाखरं माणसांशी बोलत, बरं का. आता का बोलत नाहीत, ते तुम्ही सकाळी त्यांनाच विचारा.

पहिल्या दिवशी तो गेला राघूकडे. आंब्याच्या ढोलीत मोठा राघू राहायचा, लांब शेपटीचा, गळ्यात कंठी. तो ढोलीच्या तोंडाशी ताठ बसला होता, पाटलासारखा.

"राघूबाबा," गुणू हात जोडून म्हणाला, "तुमच्या कुळातले सात जण माझ्या हातून गेले."

राघूनं मान वाकडी केली. "केवढे होते?"

"मुठीत मावतील एवढे."

"शेपूट?"

"नव्हतीच म्हणायची."

"कंठी?"

"कंठी नाही. एकदोघांच्या गळ्याला निळा ठिपका होता."

"कंठी नाही, शेपूट नाही, ते कसले पोपट?" राघू म्हणाला. "आणि उलटे लोंबून मेले म्हणतोस? आमच्यात मरायचं झालं तरी माणूस सरळ बसून मरतो. आमचे नव्हेत ते. वाघळांचे कुणी असतील, जा तिकडे."

गुणू परत आला. इकडे दुपारी भामी स्वतः जाऊन सावर बघून आली होती.

"तिथं काही नाही," ती म्हणाली. "फुलं आहेत आणि भुंगे आहेत."

"काढून नेली असतील कुणी."

पण दिवस मावळल्यावर गुणू अंगणात उभा राहिला आणि सावरीकडे बघितलं, तर सात! तसेच, पाय वर, डोकं खाली. गुणूच्या अंगावर काटा आला. सकाळी मेलेली, दुपारी नाहीत, संध्याकाळी परत मेलेली. आता हे काय म्हणायचं?

तेवढ्यात पलीकडच्या माडावरून हाक आली. "गुण्या! आज दिसला नाहीस तो? पाय मोडला, की आपलीच माडी पिऊन पडलास?"

गुणू आत निघून गेला. म्हाळूनं पुन्हा एकदा हाक मारली, जरा थांबला, आणि उतरला.

दुसऱ्या दिवशी गुणू खाडीपलीकडे गेला. तिथं मोठा वड होता आणि त्या वडाला दोनशे वटवाघळं लोंबत होती. दुपारची वेळ, सगळी गाढ झोपलेली.

"अहो," गुणू म्हणाला. "अहो मंडळी."

एका म्हाताऱ्या वाघळानं पंखातून तोंड बाहेर काढलं. "कोण आहे ते, भर झोपेच्या वेळी?"

गुणूनं सांगितलं. सात जीव, हिरवे, उलटे लोंबलेले.

"हिरवे?" वाघूळ म्हणालं. "आमच्यात हिरवं कुणी नाही. चोचवालंही नाही. आणि उलटे म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही आहात तसे."

"मी उलटा कुठं आहे? उलटा तर तू आहेस. डोकं वर करून उभा राहिलायस, चक्कर नाही येत?"

गुणू जरा गोंधळला. "बाबा, तुम्ही मेलेले नाही ना?"

"झोपलेलो होतो," वाघूळ म्हणालं, "तू येईपर्यंत." आणि पंख ओढून गप्प झालं.

आता तुम्हाला काहीतरी कळलं असेल. कळलं ना? गुणूला नाही कळलं. तो वाटेनं म्हणत आला, वाघळाचं वाघळापाशी. पाखराचं तसं नसतं.

घरी आला तर भामी वाटच बघत होती.

"ऐका," ती म्हणाली. "दुपारी मी परसात होते. एक इवलीशी हिरवी पोपटीण आली. आंब्याच्या कोवळ्या पानावर बसली आणि पानाची कड चोचीनं कातरत गेली, अशी सरळ, जशी मी चोळीचं कापड फाडते. एक पट्टी निघाली. ती तिनं काय केली सांगा?"

"खाल्ली?"

"कमरेला खोचली! पाठीवरच्या त्या लाल पिसांत. मग दुसरी पट्टी कातरली, ती खोचली. तिसरी खोचली. आणि पदर खोचून निघाल्यासारखी भुर्र गेली. मी मागून गेले. तो वठलेला पांगारा आहे ना, त्याच्या ढोलीत शिरली. बाहेर आली तर पाठ रिकामी."

"ती दुसरी कुणी असेल गो."

"दुसरी कशी असेल? मुठीएवढी, बिनशेपटीची, पाठीवर लाल. अहो, अंडी घालायची तयारी आहे ती. सुतकाच्या घरात बाळंतिणीची खोली कुणी सारवतं का?"

गुणू विचारात पडला. पण बाहेर बघितलं तर दिवस मावळलेला, आणि सावरीवर सात जण लोंबतायत. त्या दिवशी म्हाळूनं एकदाच हाक मारली.

तिसरा दिवस उजाडला. गुणू आपला बसून. भामी म्हणाली, "नातलगांना विचारून झालं. आता ज्या घरात मेले म्हणता, त्या घरालाच विचारा."

मग गुणू दुपार कलल्यावर सावरीकडे निघाला. वाटेत म्हाळू भेटला. खांद्यावर दोरी, कमरेला कोयती. रोज भेटला की काहीतरी टोचून बोलायचा. आज मात्र पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

"उद्या चौथा दिवस, गुणू. सांगायचं म्हणून सांगतो."

"ठाऊक आहे."

"मग चढ ना मेल्या! अजून उजेड आहे. एका तरी पोयीला काप दे."

"सात जीव गेलेत रे."

"माझी तीन पोरं आहेत," म्हाळू म्हणाला. "माझे माड आटले. मी उद्या चढणार. मग मला बोल लावू नकोस."

"नाही लावणार," गुणू म्हणाला. आणि खरंच, त्याच्या मनातही नव्हतं.

म्हाळू गेला. गुणू सावरीपाशी आला. सावरीच्या खोडाला काटे असतात, म्हणून त्यानं जपून, दोन काट्यांच्या मधे कान टेकला.

"सावरीमाय," तो म्हणाला, "तुझ्या फांदीवर सात मेलेली पाखरं आहेत, ती कुणाची?"

झाडं फार सावकाश बोलतात. माझ्याहूनही सावकाश. सावर एक शब्द बोलायची, मग वाऱ्याची झुळूक यायची, मग दुसरा. गुणू डोळे मिटून ऐकत राहिला.

"मेलेली पाखरं मला ठाऊक नाहीत," सावर म्हणाली. "माघात माझी पानं सगळी जातात. अंगावर एक उरत नाही. पण यंदा दिवस मावळला की मला सात पानं लागतात. हिरवी. आणि उजाडलं की ती गळतात."

"गळून कुठं पडतात?"

"पडत नाहीत," सावर म्हणाली. "वर जातात."

एवढं बोलणं होईपर्यंत दिवस मावळून गेला होता. गुणूनं डोळे उघडून वर बघितलं. सात जण लोंबत होते. कधी आले, कसे आले, त्यानं बघितलंच नाही. काटेसावरीवर काही चढता येत नाही. आता उजाडेपर्यंत थांबायचं, दुसरं काय?

गुणू तिथंच बसला. भामी घोंगडी घेऊन आली. त्याच्या पाठीवर टाकली, अर्धी आपल्या पाठीवर घेतली आणि तीही बसली. रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. दोघांना झोप लागली. दमलेली माणसं ती.

चौथ्या दिवशी धुकं नव्हतं. आभाळ स्वच्छ, गार. पूर्वेला जरा तांबडं फुटलं, तशी पावलं वाजली. म्हाळू आला होता. त्यानं या दोघांकडे बघितलं, दोघांनी त्याच्याकडे.  म्हाळूनं वेशीच्या बाजूला हात जोडले आणि थोरल्या माडावर चढला.

वरून म्हणाला, "सुकी."

उतरला. मधल्या माडावर चढला.

"सुकी."

भामीनं गुणूचा हात धरला. आता धाकटा उरला. म्हाळूनं दोरी पायात अडकवली आणि चढू लागला. अर्ध्यावर गेला. तेवढ्यात सूर्याचा पहिला किरण सावरीच्या शेंड्यावर पडला.

आणि सावरीचं एक पान हललं.

आधी एक डोळा उघडला. मग त्या पानानं एक पंख ताणला, आळस दिल्यासारखा. मग दुसरा. मग चोचीनं फांदी धरली, एक पाय उचलला, दुसरा उचलला, आणि गर्रकन वळून सरळ बसलं. पान कसलं, पिचूच तो! शेजारचा जागा झाला. त्याच्या शेजारचा. सातही जणांनी पिसं फुगवली, अंग झाडलं. मग चीचीची, चीचीची करत, लाटेवरून होडी जावी तसे वरखाली होत ते उडाले.

"भामी!" गुणू ओरडला. "झोपली होती गो! नुसती झोपली होती!" आणि रडायला लागला आणि हसायला लागला. माड जाताहेत हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

भामीच्या होतं. ती धाकट्या माडाकडे बघत होती. कारण ते सात पिचू उडाले ते कुठं गेले? थेट धाकट्याच्या शेंड्यात. जिथं म्हाळू आताच पोचला होता, तिथं.

खालून काही दिसेना. झावळ्या आड येत होत्या. म्हाळूचे पाय तेवढे दिसत होते.  तो सुकी म्हणत नव्हता, ओली म्हणत नव्हता.

त्यानं वर काय बघितलं, ते मी तुम्हाला सांगतो. त्यानं बघितलं, मडकं काठोकाठ भरून वाहतंय. पोयीचं टोक ओलं आहे. आणि ते सात पिचू त्याला न भिता पोयीवर उलटे लटकून चोचीनं तिचं टोक कुरतडतायत. तीन दिवस त्यांचं हेच चाललं होतं. सकाळी उठले की एकदा, दुपारी सावरीची फुलं चाखून झाली की एकदा, आणि झोपायला जाताना एकदा. कुणावर उपकार म्हणून नव्हे हां. गोड लागतं म्हणून. पण पोयीला काय, कोयती काय आणि चोच काय. काप मिळाला, ती गळत राहिली.

आता बघा. तिथं वर म्हाळू एकटा. त्याच्या हातात कोयती. पोयीचं टोक छाटून खाली टाकलं असतं, मडकं उपडं केलं असतं, तर कुणाला कळणार होतं? सात पिचू साक्षीला. पण पिचूंची साक्ष गावात कोण धरणार? आणि घरी तीन पोरं.

म्हाळू पुष्कळ वेळ वर होता.

मग त्याचा आवाज आला. मोठा, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा.

"ओली आहे रे, गुणू! टोक बारीक कुरतडलंय. तुझ्यापेक्षा बरा काप आहे!"

भामीनं वेशीच्या बाजूला हात जोडले.

मग काय झालं? मग गुणूनं राखणदाराच्या पाया पडून कोयती परत आणली. थोरल्याच्या आणि मधल्याच्या सुकल्या पोया कापून टाकल्या. माडाला नवी पोय येतच असते, तशी महिन्याभरात आली. गुणूनं मधल्या माडाचा रस म्हाळूच्या घरी दिला, म्हाळूनं नवा माड लावला तो चढण्याजोगा होईपर्यंत. आणि आपल्या प्रत्येक मडक्यात एक उभी काडी ठेवली. झिंगून कुणी आत पडलाच, तर काडी धरून वर येईल.

चैत्रात वठलेल्या पांगाऱ्याच्या ढोलीत तीन पिल्लं झाली, पानांच्या पट्ट्यांच्या गादीवर. ती मोठी झाली, आणि एका संध्याकाळी सावरीच्या फांदीला दहा पानं लागली. तोवर सावरीला तिची स्वतःचीही फुटली होती, त्यामुळे मोजायला भामीला फार वेळ लागला. गुणू, भामी, म्हाळू, त्याची पोरं, सगळी पोटभर जेवली, सुखानं राहिली. पिचू अजून तसेच झोपतात, पाय वर, डोकं खाली. तुम्ही मात्र सरळ झोपा, आणि पांघरूण गळ्यापर्यंत घ्या.

एवढंच सांगायचं राहिलं, की त्या सकाळी म्हाळू खाली उतरून गुणूला काय म्हणाला. ते सांगतो, आणि मग कुणी बोलायचं नाही.

तो उतरला. कोयती कमरेला अडकवली, कपाळावरचा घाम पुसला. गुणूकडे बघितलंच नाही. पलीकडे आपल्या म्हाताऱ्या माडाकडे बघत म्हणाला, "तीन दिवस शेजारच्या माडावर कुणी नव्हतं रे. चिडवायचं कुणाला? चल, चढ लवकर, उन्हं आली."